फुकटात पडलेला फलाट

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुम्हाला काही सांगावं असं मला कधी वाटलं नाही. दर वर्षी तुमचं पान वाढते, कावळ्याची वाट बघते, कावळा शिवला की सुटले म्हणून घरात येते. आज लिहायला बसले ती रागानं बसले आहे, हे आधीच सांगून टाकते. इथं अकोल्यात माझ्या शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. त्यांना मागच्या अंगणात लाकडी ओटा बांधायचा आहे, जमिनीपासून हातभर उंच, संध्याकाळी खुर्च्या टाकून वारा खात बसायला. काल कुंपणापाशी येऊन ते म्हणाले, "बाई, तुमच्या वडिलांनी असाच बांधला होता म्हणता ना? काय खर्च आला होता त्यांना?" आणि मी काही विचार करायच्या आत माझं तोंड बोलून गेलं, "त्यांना तो फुकटात पडला होता." तुमचाच शब्द, बाबा, आणि तुमच्याच ठसक्यात. मान किंचित मागं टाकून. घरात आले तेव्हा हातातला तांब्या मी ठेवला नाही, आपटला. साठी उलटलेली बाई मी, आणि माझ्या तोंडात अजून तुम्ही बसला आहात.

तर तो खर्च मी आज तुम्हालाच सांगते. आपलं घर बडनेऱ्याला, स्टेशनापलीकडच्या ओळीतलं शेवटचं. गाव पांढरीवर आणि शेत काळीत, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. काळ्या मातीत पीक येतं, भिंत उभी राहत नाही. आपलं घर पांढरीवर होतं, पण मागं नाल्याकडं उतार असल्यामुळं परस अर्धं पांढरीवर आणि अर्धं काळीत होतं. ते काळीतलं अर्धं परस मायचं. लग्न होऊन आली तेव्हा तिथं नुसती बोराटी होती म्हणे. तिनं ती काढली आणि शेवंती, मोगरा, झेंडू लावला. तिचं माहेर अंजनगाव सुर्जीचं, पानमळ्याचं. पानमळ्यात चपला घालून कुणी जात नाही, घरधनीसुद्धा नाही. दाराशी पाय धुवायचे आणि अनवाणी आत शिरायचं. तिनं तोच नेम फुलांच्या वाफ्याला लावला होता. मला आठवतं, मी चार-पाच वर्षांची असेन, खेळता खेळता चपलेनं वाफ्यात पाय टाकला तर तिनं मारलं नाही, फक्त माझ्या चपला काढून हातात दिल्या आणि म्हणाली, "हे देवघर समज व." घरातल्या देवघरात तुमचं राज्य होतं. बाहेरचं हे तेवढं तिचं.

त्या फुलांवर माझी शाळा चालायची, हे तुम्हाला चांगलं माहीत होतं. माझी चौथी झाली तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, पोरीच्या जातीला एवढं पुरे. मायनं ऐकलं नाही. तिला स्वतःला सही करता येत नव्हती, पण मला अमरावतीच्या मुलींच्या शाळेत घालायचं हे तिनं कुठून डोक्यात घेतलं देव जाणे. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मला आजही तसंच्या तसं ऐकू येतं: "तुले हौस हाय न, मंग तूच भागव." तिनं भागवलं. पहाटे उठून ती फुलं तोडायची, आणि एक म्हातारी फुलवाली मागच्या दारानं येऊन टोपली घेऊन जायची. मागच्या दारानं, कारण कापसाच्या जिनातल्या कारकुनाची बायको फुलं विकते हे पुढच्या दाराला कळायला नको होतं. म्हातारीनं दिलेले आणे माय डाळीच्या डब्यात टाकायची. त्यातून माझी फी जायची आणि बडनेरा-अमरावती गाडीचा पास निघायचा. दोन वर्षं तुम्हाला त्याची झळ लागली नाही. गाडीतून येताना मी खिडकीशी बसून धडे पाठ करायची, आणि घरात शिरले की मायच्या हाताला मोगऱ्याचा वास यायचा. या दोन वर्षांबद्दल मी तुमच्यावर रागावलेली नाही. तुम्ही त्यात नव्हताच.

मग तुम्ही चिखलदऱ्याला जाऊन आलात. उन्हाळ्यात जिनाचे मालक तिथं एक बंगला घेऊन राहायचे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. नागपूरचे साहेबलोक वर यायचे, आणि मालकांना त्यांच्याशी ओळखी वाढवायच्या असायच्या. तुम्हाला कागद घेऊन पाठवलं होतं. परत आलात ते तोंडात एकच गोष्ट घेऊन आलात. बंगल्याच्या मागं म्हणे लाकडी फळ्यांचा एक मोठा चौक आहे, खांबांवर उचललेला, त्यावर खुर्च्या टाकतात, चहा घेतात, खालची दरी बघतात. तुम्ही त्याला प्लॅटफॉर्म म्हणायचात. ओळीतल्या लोकांनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचा फलाट झाला. बडनेऱ्यात राहून दुसरं काय होणार. जिनात हेडक्लार्कची जागा रिकामी होणार होती. मॅनेजर मुंबईकडचे, संध्याकाळी त्यांना कुठं जायला नसायचं. त्यांना आपल्याकडं बसायला बोलवायचं, तर आपल्या घरात बसवायचं कुठं, हा तुमचा पेच. एका रविवारी तुम्ही परसात गेलात आणि पावलांनी जागा मोजली. निंबाची सावली आणि नाल्यावरचा वारा दोन्ही एकत्र मिळायचं ते नेमकं मायच्या वाफ्यावर. तुम्ही बूट घालून मोजलीत. अकरा पावलं एका अंगानं, आठ दुसऱ्या. माय मागच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "बूट तरी काढा लागत होते." तुम्ही म्हणालात, "माती हाय ते." आणि मोजणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंत, कारण तिच्या बोलण्यानं तुमचा आकडा चुकला होता.

फळ्या तुम्हाला जिनातून मिळाल्या. जुनी कोठी पाडली होती, तिच्या तळाच्या सागवानी फळ्या, तेलानं आणि सरकीच्या धुळीनं काळ्याकुट्ट झालेल्या. खिळेही तिथलेच, वाकडे. ते दगडावर ठोकून सरळ करायचं काम माझं. मजुरीला तुम्ही अंजनगावहून मामाला बोलावलंत. बहिणीच्या घरचं काम म्हणून तो आपले दोन गडी घेऊन आला, आठ दिवस राहिला, आणि तुम्ही त्याला जाताना धोतराचं पानसुद्धा दिलं नाही. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, तसे तुम्ही जिनाच्या लाकडावर आणि मामाच्या घामावर उदार झालात. वैशाख होता. काळी वाळून इतकी टणक झालेली की पहार मारली तर खणकन आवाज यायचा, आणि भेगा अशा की माझा हात कोपरापर्यंत आत जायचा. मामानं दोन हात खड्डा खणला आणि थांबून म्हणाला, "भाऊजी, ही काळी हाय. मुरूम लागेस्तोर खोदा लागते. सा हात तरी जा लागन." तुम्ही त्याच्या हातातली पहार घेतलीत, खड्ड्याच्या तळाला एकदा मारलीत आणि म्हणालात, "दगड हाय दगड. अजून काय पाह्यजे?" तो म्हणाला, "आता दगड हाय. पावसाळ्यात पाहा." त्यावर तुम्ही त्याला सुनावलंत की पानवाल्यानं पानं खुडावी, बांधकाम शिकवू नये. मामा पुढच्या खड्ड्याकडं वळला. बहिणीचा नवरा, काय बोलणार. खांब दोन हातांवरच रोवले गेले. वऱ्हाडात जन्मून, काळीत वाढून, वैशाखातल्या कोरड्या मातीला दगड समजणारा माणूस मी तुमच्यासारखा दुसरा पाहिला नाही. तुम्हाला समजत नव्हतं असंही नाही. शेतकऱ्याच्या कुठल्याही पोराला जे समजतं ते तुम्हाला समजून घ्यायचं नव्हतं.

फलाट झाला. दिसायला चांगला होता, हे मी कबूल करते. जिनातून तीन वेताच्या खुर्च्या आल्या, एक मोडकी आपली होती ती दुरुस्त केली. मॅनेजर आठवड्यातून दोनदा यायला लागले, बरोबर कुणी ना कुणी. फलाटावर चढलं की तुमची भाषा बदलायची. खाली "काहून" म्हणणारे तुम्ही वर "का बरं" म्हणायचात, आणि मायला "कुटुंब". कुणीही विचारलं, कितीला पडला हो, की मान मागं टाकून, "फुकटात पडला." लाकूड फुकट, मजुरी फुकट, जागा घरचीच. त्या जागेवर काय होतं हे कुणी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. फळ्या बसवायच्या आधी मायनं शेवंतीची रोपं उपटून पांढरीच्या बाजूला लावली होती. राख, चुना, विटांचे तुकडे, त्यात काय जगणार? मोगरा तर पंधरा दिवसांत वाळला. फुलवाली म्हातारी रिकामी टोपली घेऊन दोन दिवस आली, तिसऱ्या दिवशी फलाटाकडं बघून म्हणाली, "आता यावर गाडी लागली की मले सांगजा, मी फुलं घेऊन बसतो." माय हसली. तिचं हसणं त्या साली मी शेवटचं पाहिलं ते तेव्हाच.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायची होती आणि डाळीच्या डब्यात नुसती डाळ होती. मायनं तुम्हाला विचारलं. एकदाच. तुम्ही म्हणालात, हेडक्लार्क झालो की पाहू, एक वर्ष घरी बसली तर काय बिघडतं. चार दिवसांनी तिनं पेटी भरली आणि माहेरी जाऊन येते म्हणाली. मला स्वयंपाकघरात बसवून सांगितलं, पीठ कुठं, तेल किती दिवस पुरवायचं, तुमच्या भाकरीला पाणी किती गरम लागतं. मूर्तिजापूरला उतरून छोट्या गाडीनं ती अंजनगावला गेली, आणि मामाच्या मळ्यात रोजानं पानं खुडायला लागली. बहीण भावाच्या घरी रोजानं राबते, ही आपल्यात केवढी नामुष्की. मामा रोज द्यायला तयार नव्हता, तसेच पैसे देतो म्हणत होता. ती म्हणाली, भावाचं फुकट खाल्लं तर माझ्यात आणि माझ्या नवऱ्यात फरक काय. हे मला मामानं पुष्कळ वर्षांनी सांगितलं. दर महिन्याला मामाचा माणूस यायचा आणि फी आणि पासाचे पैसे माझ्या हातात द्यायचा, तुमच्या नाही. तुम्ही लोकांना सांगितलंत, कुटुंबाला हवापालटासाठी पाठवलं आहे. मी बारा वर्षांची. अंधार असताना उठून भाकरी थापायची, गाडी पकडायची, परत येऊन अंगण झाडायची, आणि तुमचे पाहुणे आले की चहा घेऊन फलाटावर चढायची. तो चहा तुम्हाला नेहमी कमी गोड वाटायचा.

आषाढ लागला आणि काळी फुगायला लागली. मामा म्हणाला होता तसंच झालं. पांढरीच्या बाजूचे खांब जागचे हलले नाहीत, आणि नाल्याच्या बाजूचे मातीनं वर उचलले, कुणी दात उपटावा तसे. फलाटाची बाहेरची कड वितीनं वर गेली. खुर्चीत बसलं की माणसाचं तोंड आभाळाकडं व्हायचं. ओळीतले लोक येताजाता विचारायचे, "काहो, सिग्नल पडला वाटते?" तुम्ही खांब पुन्हा काढून मुरुमापर्यंत न्यायला हवे होते. पण मग मामाचं खरं झालं असतं. तुम्ही त्याऐवजी पाचरी आणल्यात. बाभळीच्या लाकडाच्या, एका अंगानं जाड, एका अंगानं पातळ. प्रत्येक खुर्चीच्या मागच्या दोन पायांखाली दोन पाचरी, की खुर्ची सपाट बसते आणि कुणाला काही कळत नाही. पाचरी लावायचं काम माझं. कुठल्या खुर्चीला कुठली पाचर लागते हे मला पाठ झालं होतं, पाढ्यांसारखं. पाहुणे यायच्या आधी मी फळ्यांवर ओणवी होऊन त्या ठोकायची आणि पाहुणे गेले की काढून कोनाड्यात ठेवायची, कारण दिवसाउजेडी त्या कुणाला दिसलेल्या तुम्हाला चालत नव्हत्या. तुमचं सगळं मोठेपण त्या पावसाळ्यात आठ लाकडी तुकड्यांवर उभं होतं, आणि ते तुकडे माझ्या परकराच्या ओच्यात असायचे.

भाद्रपदातला तो दिवस तुमच्या लक्षात होता, हे मला शेवटी कळलं. दुपारी मामाचं कार्ड आलं. मी शाळेतून आले तेव्हा तुम्ही ते वाचत होतात. मी विचारलं तेव्हा मोठ्यानं वाचून दाखवलंत: बहिणीचे पाय ओल्यानं कुजल्यासारखे झाले आहेत, बोटांमध्ये चिखल्या, चालवत नाही, तरी मळ्यात उतरायचं सोडत नाही, तुम्ही येऊन समजावा. तुम्ही कार्ड घडी घालून खिशात ठेवलंत आणि म्हणालात, "चपला घालाव न मंग. पावसाळ्यात व्हतेच असं." लग्नाला चौदा वर्षं झालेली, आणि पानमळ्यात चपला चालत नाहीत एवढंही तुम्हाला बायकोबद्दल माहीत नव्हतं. मग म्हणालात, आज मॅनेजर जागेचं पक्कं करायला येणार आहेत, चहा नीट कर. खुर्च्या मीच मांडल्या. मॅनेजर आले, पांढरी पाटलोण, हातात रुमाल, बरोबर आणखी दोघं. तुम्ही त्यांना सांगत होतात की कुटुंब परतायचं नावच काढत नाही, माहेरची हवा फार मानवली आहे. मी चहाचा पेला त्यांच्या हातात दिला. ते हसून मागं रेलले आणि खुर्ची डाव्या अंगाला कलंडली. ते पडले नाहीत, पण सगळा चहा मांडीवर सांडला. ते ओरडले. तुम्ही उठलात आणि मला मारलंत. तीन परक्या माणसांसमोर, उभ्या कानशिलात. आणि तुमच्या त्या फलाटावरच्या शुद्ध भाषेत म्हणालात, "आईसारखीच धांदरट. लक्ष कुठं असतं? शाळेत? उद्यापासून शाळा बंद."

आठ दिवस मी घरी बसले. पास डब्यावर ठेवलेला, महिन्याचे अजून काही दिवस उरलेले, आणि गाडीची शिट्टी रोज वेळेवर ऐकू यायची. मामाचा माणूस आला तेव्हा मी त्याला रडत सांगितलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माय आली. स्टेशनावरून घरापर्यंत चालत आली होती, पायांना चिंध्या बांधून. तुम्ही फलाटावर एकटे बसला होता. त्या दिवसांत मॅनेजर येत नव्हते. ती फलाटावर कधीच चढली नव्हती, तेव्हाही चढली नाही. खाली उभी राहून म्हणाली, "पोरीले काहून मारलं?" तुम्ही म्हणालात चहा सांडला. ती म्हणाली, "खुर्ची कलंडली ते काळीनं कलंडली. भाऊ सांगे मुरूम लागेस्तोर खोदा. पोरीची काय चूक?" तुम्ही म्हणालात, "हळू बोल न व, लोक आयकून राहिले." तेव्हा तिनं आवाज चढवला, आयुष्यात पहिल्यांदा. "आयकू द्या. मी भावाच्या मळ्यात रोजानं पानं खुडून राहिली, हेबी आयकू द्या. तुमच्या मॅनेजरच्या दारात जाऊन मी सोता सांगीन. तुमाले फुकटात पडला न हा फलाट? मंग माह्या पोरीची शाळा त्याच्या खर्चात काहून लावता?" तुम्ही खुर्चीतून उठायला गेलात तर खुर्ची पुन्हा डुगडुगली, आणि तुम्ही तसेच बसून राहिलात. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. माय दोन दिवस राहिली, माझ्यासाठी भाकरीचं पीठ दळून ठेवलं आणि पुन्हा मळ्यात गेली. ती घरी कायमची आली ती दिवाळीनंतर. तिचे पाय पुढं बरे झाले, पण पावसाळा आला की ती भिंत धरून चालायची, शेवटपर्यंत.

हेडक्लार्कची जागा दुसऱ्याला मिळाली. तुम्ही कारकून म्हणूनच रिटायर झालात. आणि याहून मला जास्त चीड कशाची येते सांगू? मी मॅट्रिक झाले, मास्तरीण झाले, तेव्हा त्याच फलाटावर बसून तुम्ही लोकांना सांगायचात, "लोक हसायचे, पण मी मुलीला शिकवलं." माय आत भांडी घासत असायची. ती ऐकायची आणि पुढचं भांडं घ्यायची. मी एकदा तिला विचारलं, तुला राग येत नाही का. तेव्हा तिनं मला चिखलदऱ्याची उरलेली गोष्ट सांगितली. त्या बंगल्यात तुम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत कागद हातात धरून त्या लाकडी चौकाच्या खाली उभे होतात, अवकाळी पावसात, आणि वर बसलेल्या माणसांपैकी एकानंही तुम्हाला वर ये म्हटलं नाही. तुमचे वडील जिनात गाठी उचलायचे. "त्याहीले एकदा वरून खाली पाहा लागत होतं," माय म्हणाली. बस्स, एवढंच. तिला ते पुरलं. मला पुरलं नाही, बाबा. तुम्हाला वर बसायचं होतं हे मला समजतं. पण ज्या चौकाखाली तुम्ही दिवसभर उभे राहिलात तसाच चौक घरी बांधलात, आणि त्याच्याखाली मायला उभं केलंत. हे समजून माझा राग कमी होत नाही, वाढतो.

शेवटचं वर्ष तुम्ही माझ्याकडं अकोल्याला होता. माय आधीच गेलेली. मी शाळेत जायच्या आधी तुमचं अंग पुसायची, दुपारी येऊन पेज भरवायची. कर्तव्य म्हणून केलं, प्रेमानं नाही, तुम्हालाही ते कळत असणार. एका दुपारी पेज भरवताना तुम्ही माझं मनगट धरलंत. तुमच्या हातात जोर नव्हता, पण मी थांबले. तुम्ही फलाटावरची भाषा केव्हाच विसरला होता. म्हणालात, "पोरी, त्या दिवशी तुही चूक नवती व. फलाटच वाकडा होता. म्या उगाच हात उचलला." आणि रडलात. एवढ्या वर्षांत तुम्ही कुणाची माफी मागितलेली मी पाहिली नव्हती. मायची तर नाहीच. मी म्हणाले, "राहू द्या बाबा," आणि पदरानं तुमचं तोंड पुसलं. त्यानंतर दहाएक दिवसांत तुम्ही गेलात. आल्यागेल्याला मी सांगायची, शेवटी मन मोकळं करून गेले.

आता जे तेव्हा बोलले नाही ते लिहिते, आणि मग हा कागद घडी करून डाळीच्या डब्याखाली ठेवीन. तो डबा अजून माझ्याकडं आहे. त्या दिवशी कार्ड खिशात घालून तुम्ही कपडे बदलायला गेलात, आणि मी पाचरी घेऊन फलाटावर गेले. सात पाचरी ठोकल्या. आठवी, मॅनेजरच्या खुर्चीच्या डाव्या पायाची, माझ्या हातात होती. ती मी ओच्यात टाकली. विसरले नाही. हात घसरला नाही. खुर्ची कलंडेल हे मला माहीत होतं, चहा मी जरा जास्तच भरला होता, आणि तुमची जागा जाईल असं मी मनात म्हटलंही होतं. शाळा बंद होईल आणि माय त्या पायांनी स्टेशनावरून चालत येईल, हे बारा वर्षांच्या डोक्यात आलं नाही. पाहुणे गेल्यावर ती पाचर मी चुलीत सारली. त्याच जाळावर तुमच्या भाकरी भाजल्या आणि तुम्ही त्या मुकाट खाल्ल्यात. माय माझ्यासाठी सगळ्या ओळीसमोर भांडली, पोरीची काय चूक म्हणाली, आणि मी दाराआड उभी राहून ऐकलं. तिलाही मी कधी सांगितलं नाही. पोस्टमास्तरांना मात्र उद्या सांगणार आहे की मुरूम लागेपर्यंत खणा, आणि जागेवर आधी काय आहे ते घरात विचारून घ्या. तुमच्या माफीतली अर्धी तर माझी नव्हतीच, बाबा, तरी मी ती सगळी घेतली. तुमच्याकडून आयुष्यभरात मला फुकटात पडलेली तेवढी एकच गोष्ट.